पाय मोड, जीव घेईन आणि एक विमानतळ

श्रोते हो, नमस्कार.

आज इंग्रजीतल्या मारामारीबद्दल बोलू या. चारचौघांत, चहा पिता पिता चालते ती मारामारी. पोरगं बशी फोडतं आणि म्हणतं, ‘आई आता माझा जीव घेणार.’ नट रंगमंचावर निघाला की मित्र शुभेच्छा म्हणून म्हणतात ‘ब्रेक अ लेग’, म्हणजे पाय मोडून घे! आणि कचेरीत जिच्यापायी आपण रात्री जागतो ती डेडलाइन? १८६४ साली, अमेरिकेच्या यादवी युद्धात, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. तिचं नाव डेडलाइन. आपल्याकडे ‘मुदत’ हा चांगला तीन अक्षरांचा शब्द होता, तो का टाकला कोण जाणे. पण ते राहू द्या.

मला सांगायचाय तो पॉल चेंबर्सचा किस्सा. इंग्लंडमधला हा साधा हिशेबनीस. ट्विटरवर त्याची एका मुलीशी ओळख झाली, ती उत्तर आयर्लंडची. तिला भेटायला हा विमानानं जाणार. महिना जानेवारी, साल २०१०. एवढा बर्फ पडला की डॉनकास्टरजवळचा रॉबिन हूड विमानतळ बंद! आता विमानतळाला दरोडेखोराचं नाव द्यावं का? पण विमानतळावरच्या चहाचा भाव पाहिला की वाटतं, बरोबरच आहे. तर हा गडी वैतागला. आधीच प्रेमात पडलेला, त्यात विमान नाही. त्यानं ट्विटरवर लिहून टाकलं, की आठवडाभर आणि वर थोडे दिवस देतो, कारभार सुधारा, नाहीतर अख्खा विमानतळ उडवून देईन!

लिहिलं कोणासाठी? त्याचं वाचणाऱ्या सुमारे सहाशे लोकांसाठी. आणि पाहिलं कोणी? काही दिवसांनी त्याच विमानतळाच्या एका व्यवस्थापकानं. तिथं कुणालाच ते खरं वाटलं नाही, पण नियमाप्रमाणे कागद पुढे सरकला. पोलिसांनी पॉलला कामाच्या जागीच अटक केली. मे महिन्यात तो दोषी ठरला. ३८५ पौंड दंड, वर ६०० पौंड खर्च. नोकरी गेली. अपील केलं, तेही फेटाळलं.

मग मात्र लोक चिडले. हजारो जणांनी त्याचं ते वाक्य जसंच्या तसं आपापल्या नावानं ट्विटरवर टाकलं. शब्द तेच, विमानतळ तोच!

उच्च न्यायालयात आधी दोन न्यायाधीशांचं एकमत होईना. पुन्हा सुनावणी झाली. आणि २७ जुलै २०१२ रोजी लॉर्ड चीफ जस्टिसांच्या, म्हणजे तिथल्या सरन्यायाधीशांच्या, पीठानं पॉलला सोडवलं. या गृहस्थांचं आडनावच ‘जज’, लॉर्ड जज. त्यांचं म्हणणं असं, की वाचणाऱ्याच्या मनात भीतीच उपजत नसेल, तर ती धमकी कसली? पुन्हा सांगतो, भीतीच उपजत नसेल तर ती धमकी नाही. निकालात त्यांनी शेक्सपिअरचाही दाखला दिला. एवढं उमगायला अडीच वर्षं लागली.

आमची आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, ‘तंगडं मोडून हातात देईन.’ पण लाटणं पोळीवरून उचललं जायचं नाही, गरगर फिरतच राहायचं. आम्ही लाटण्यावर नजर ठेवून खुशाल पोळी पळवायचो. आता हेच वाक्य तिनं मोबाइलवर लिहून पाठवलं असतं तर? लाटणं कुठे दिसणार? त्याच २०१२ साली इंग्लंडहून निघालेल्या एका प्रवाशानं ट्विटरवर ‘अमेरिकेची वाट लावायला निघालोय’ अशा अर्थाचं लिहिलं. त्याला म्हणायचं होतं, धमाल करायला. लॉस एंजेलिसला उतरला, तर तिथूनच माघारी पाठवला. तेव्हा परदेशी निघालेल्या पोरांनो, विमानतळाच्या रांगेत बॉम्बची थट्टा नको. तिथल्या माणसाला तुमचं लाटणं दिसत नाही.

आणि हो, पॉलचं आणि त्या मुलीचं जमलं बरं का. विमानतळाचं मात्र नाही जमलं. पॉलनं दिलेली मुदत उलटून बारा वर्षं गेली, आणि २०२२ साली चालवणाऱ्यांनीच ‘परवडत नाही’ म्हणून त्याला कुलूप लावलं.

नमस्कार.