गळ टाकण्याआधी

(पहाट. गंगावऱ्हे, गंगापूर धरणाचं मागचं पाणी. धुक्यातून टिटवीचा आवाज.)

टिटवी ओरडली की माझ्या मामांचे हात थांबायचे. गळाला गांडूळ ओवता ओवता बोटं तशीच राहायची आणि मान काठाकडे वळायची. बहुतेक वेळा गवतातून कुत्रं निघायचं, नाहीतर शेळ्या घेऊन चाललेली एखादी आजी. तरी दुसऱ्या दिवशी टिटवी ओरडली की मामा पुन्हा थांबायचे. तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात, काठावर कोण आलं ते तिला आपल्याआधी कळतं, असं ते सांगायचे.

याच काठावर मी मासे धरायला शिकलो. काठी बांबूची, दोरा तंगुसाचा, आणि पाण्यावर तरंगायला जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा. १९६५ साली धरण पूर्ण झालं आणि गोदावरीचं पाणी इथल्या ओढ्या-खाचरांत पसरलं. आम्ही नाशिकची माणसं तिला गोदावरी कमी आणि गंगाच जास्त म्हणतो. या गंगेत रोहू-कटला आहेत, मरळ आहे, वाम आहे, शिंगटी आहे. आणि हल्ली जिकडेतिकडे झालेली चिलापी आहे.

(सातवीतला एक मुलगा. प्लास्टिकच्या बाटलीला दोरा गुंडाळलेला.)

या हिवाळ्यात चित्रीकरण करताना हा मुलगा भेटला. बाटलीवरचा दोरा सोडून तो बसला होता आणि मधल्या वेळात मोबाइल बघत होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "काका, हे बघा." अमेरिकेतला कुणी माणूस तळ्याकाठी उभा आहे, त्याच्या गळाला मोठा मासा लागलाय, तो ओढत काठाशी आणतोय, आणि शेवटच्या चार हातांवर पाण्यातून जबडा वर येतो. मासा गेला, दोरा तुटला, माणूस मागच्या मागे पडला. मुलाने विचारलं, "आपल्या गंगेत असतं का हे?"

त्याला जे सांगितलं तेच इथे सांगतो.

त्या प्राण्याचं नाव अ‍ॅलिगेटर. जगात तो दोनच ठिकाणी निसर्गतः सापडतो: अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि चीनच्या यांगत्से नदीच्या खोऱ्यात. भारतात तो नाही. चीनमधले आता फार थोडे उरलेत. अमेरिकेतही कातड्यासाठी इतकी शिकार झाली की १९६७ साली त्याला संपत चाललेल्या प्राण्यांच्या यादीत घालावं लागलं. संरक्षण मिळालं, संख्या सावरली, १९८७ साली तो त्या यादीतून बाहेर आला. आज एकट्या फ्लोरिडा राज्यात सुमारे १३ लाख अ‍ॅलिगेटर आहेत. तिथल्या कुठल्याही तळ्याकाठी गळ टाकणाऱ्याला तो शेजारी धरूनच चालावं लागतं.

तिथे अ‍ॅलिगेटरला खायला घालणं हा गुन्हा आहे, आणि हा कायदा मला फार शहाणपणाचा वाटतो. माणूस दिसला की खाणं मिळतं, हे एकदा त्या जनावराला कळलं की त्याची भीती जाते. मग ते माणसाच्या आवाजाला दूर सरकत नाही, जवळ येतं. मासा साफ करून आतडी काठावरच फेकणारा माणूस नकळत हेच शिकवत असतो. गळाला लागून तडफडणारा मासा म्हणजे तर पाण्यातली हाकच. अ‍ॅलिगेटरने गळावरचा मासा धरला, तर तिथले जाणकार दोरा कापून टाकायला सांगतात. मासा परत मिळवायला कुणी पुढे सरसावू नये, कारण जमिनीवर जड दिसणारं हे धूड थोड्या अंतरापुरतं विजेसारखं येतं.

आपल्याकडे आहे ती मगर. चपट्या, रुंद तोंडाची, गोड्या पाण्यातली. तिच्या रुंद तोंडामुळे लोकांना ती अ‍ॅलिगेटरच वाटते. तोंड मिटल्यावर मगरीचा खालचा चौथा दात बाहेरून दिसतो, अ‍ॅलिगेटरचा झाकला जातो. महाराष्ट्रात मगरी बघायच्या तर सांगलीकडे कृष्णेच्या काठी जावं, किंवा कोकणात चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री. आपल्या गोदावरीची एक उपनदी मांजरा. ती तेलंगणात गेल्यावर तिच्यावर मगरींसाठी अभयारण्य केलेलं आहे.

मगर आपल्या बोलण्यात मात्र सगळ्या महाराष्ट्रभर आहे. "सुसरबाई, तुझी पाठ मऊ" ही म्हण ज्याने पहिल्यांदा म्हटली असेल, तो पाण्यात अडकलेला असणार. जुन्या देवळांत अभिषेकाचं पाणी मकरमुखातून बाहेर पडतं, आणि द्वाराशी कोरलेली गंगा मकरावर उभी असते. नदी आणि तिचं जनावर आपल्या पूर्वजांनी वेगळं काढलंच नव्हतं.

कृष्णाकाठची माणसं मगरीसोबत राहायला शिकली आहेत. थंडीच्या सकाळी मगर वाळूवर तोंड उघडून पडलेली दिसते. ती अंगावर यायच्या तयारीत नसते. थंड रक्ताचं जनावर, उन्हाने अंग तापवायचं आणि तापलेलं तोंडातून निववायचं. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत ती काठाच्या मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि घरट्याच्या आसपास राहते. याच दिवसांत नदी आटत जाते, डोह तेवढे उरतात, आणि गुरं, माणसं, मगरी एकाच डोहावर येतात. म्हणून तिथला जाणता मासेमार उन्हाळ्यात पाण्यात उतरून उभा राहत नाही. पाण्यापासून पाच-सहा पावलं मागे राहतो, धरलेले मासे कमरेला बांधून पाण्यात सोडत नाही, आणि रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या दगडावर बसत नाही. मगर स्थिर राहून सवयी हेरते. मद्रासजवळच्या मगरींच्या केंद्रात तर अशी नोंद झाली आहे, की बगळे घरटी बांधायच्या दिवसांत मगर नाकावर काटक्या तोलून पडून राहते आणि काटकी उचलायला आलेला बगळा धरते. तिकडे अमेरिकेत अ‍ॅलिगेटरही तसंच करताना दिसला. २०१३ साली हे संशोधन छापून आलं. इतक्या संयमाचं जनावर आपली रोजची वेळ लक्षात ठेवेल यात नवल काय?

मुलगा हे सगळं ऐकून थोडा खट्टू झाला. "म्हणजे इथे काहीच नाही?"

आहे. त्याच्या पाठीमागे आहे.

(कॅमेरा मुलावरून वळतो. काठावर बेशरमीची झुडपं, त्यामागे उसाचं शेत.)

मासे धरणाऱ्याचं बसणं बघा. तोंड पाण्याकडे, पाठ जमिनीकडे, अंग आखडून घेतलेलं, आवाज नाही, नजर तरंगीवर खिळलेली. तासन् तास. निफाड, दिंडोरी, सिन्नर, नाशिक, या तालुक्यांत नदीला लागून ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. उसात त्याला आडोसा मिळतो, पाणी जवळ असतं, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या असतात. बछडीही तिथेच जन्मतात आणि तोड सुरू झाली की तोडकऱ्यांना सापडतात. बिबट्याची नजर कुत्र्या-शेळीच्या उंचीवर फिरत असते, आणि उकिडवा बसलेला माणूस नेमका त्या उंचीचा होतो. २०२० साली नाशिकजवळच्या दारणा नदीकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. ते दिवस आठवले की आजही पोटात कालवतं. त्या गावांनी संध्याकाळचे व्यवहार कित्येक महिने दिवसाउजेडी उरकले.

म्हणून उसाकडे पाठ करून एकट्याने बसू नये. दोघं असाल तर एकाने पाण्याकडे बघावं, दुसऱ्याने मागे. बोलत राहावं. आवाजाने मासा पळतो म्हणून माझ्यावर चिडणारे दोस्त आहेत. मी त्यांना सांगतो, पळू दे. दिवस कलला की गळ गुंडाळावा. समोर आलाच बिबट्या, तर उभं राहायचं, हात वर करून मोठं दिसायचं, ओरडायचं, पाठ न दाखवता मागे सरायचं. पळणारं जे काही असेल त्याच्यामागे तो जातो. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये असू द्यावा.

पण खरं सांगायचं तर काठावर मला सगळ्यात जास्त धास्ती सापाची वाटते.

(रात्र. विजेरीच्या उजेडात दगड, कोरडं गवत.)

मी विशीत होतो. कश्यपी धरणाच्या काठी रात्री शिंगटी धरायला बसलो होतो. आमिषाचा डबा मागे गवतात होता आणि विजेरी डब्याशेजारच्या पिशवीत. अंधारात हात मागे नेला आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा आवाज आला. हात तिथेच थिजला. सोबत्याने उजेड टाकला, तर डब्यापासून दीड हातावर घोणस वेटोळं करून बसलेली. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके. अजगराचं पिल्लू समजून लोक तिला हात लावतात. ती चटकन पळत नाही, बसल्या जागी फुत्कारते, आणि तो फुत्कार म्हणजे तिने दिलेली संधी असते. मला ती मिळाली. विजेरी पिशवीत ठेवली ही माझी चूक होती. तेव्हापासून ती हातात नाहीतर कपाळावर असते, पायात गमबूट असतात आणि दगडांच्या कपारीत मी कधीच हात घालत नाही.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. यातली बहुतेक खेड्यांतली, शेतात आणि पाणवठ्यावर वावरणारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं आणि ते सरकारी रुग्णालयात मिळतं. त्यामुळे साप मारून पुरावा म्हणून नेण्यात वेळ घालवू नका. चिरा देऊ नका, चोखू नका, दोरीने करकचून आवळू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा, चावल्याची वेळ लक्षात ठेवा, १०८ला फोन करा. गाडी मिळाली तर थेट निघा. मांत्रिकाच्या ओसरीवर गेलेला तास परत मिळत नाही. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात, तेव्हा एकेका तासाला किंमत आहे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. धरणातून सोडलेलं पाणी वाढतं, नाशिकच्या रामकुंडावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागते, आणि पुरासोबत वाहत आलेल्या पाणवेलींत साप अडकून येतात. पूर ओसरल्यावर खूप मासा लागतो म्हणून माणसं काठावर गर्दी करतात आणि पाणवेलींचे ढीग हातांनी बाजूला सारतात. त्या ढिगांना आधी लांब काठी लावावी.

गळाला लागलेला मासाही कमी नसतो. शिंगी काळसर, मिशांची, दिसायला साधी, पण तिच्या कल्ल्यामागच्या काट्यात विष असतं. काटा घुसला की हात खांद्यापर्यंत ठणकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरला की ठणका उतरतो, मग डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. आणि पुलाच्या कमानीखाली किंवा कड्याला आग्या मोहोळ लटकत असेल तर त्या खाली चूल मांडून मासे भाजू नयेत. धुराने माश्या उठतात.

नांदूर मध्यमेश्वरचं नाव इथे घ्यायलाच हवं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा पाणथळ प्रदेश २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. ते अभयारण्य आहे, वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे गळ टाकायचा नाही. तिथल्या मनोऱ्यावरून मी एकदा सकाळभर पाणकावळे, ढोकरी आणि पाणमांजराच्या खुणा बघत बसलो होतो. एका काठावर किती जणांचं पोट असतं, ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

(पुन्हा गंगावऱ्हे. ऊन वर आलेलं.)

मुलाने तोवर चार चिलाप्या धरल्या होत्या. त्या एका दोरीत ओवून, दोरी दगडाला बांधून, त्याने पायाशी उथळ पाण्यात सोडल्या होत्या, ताज्या राहाव्यात म्हणून. सगळेच तसं करतात. मीही केलंय.

बोलता बोलता दोरीला झटका बसला. पाण्याखालून पिवळसर अंगावर काळ्या चौकटी असलेला एक साप आला होता आणि टोकाची लहान चिलापी त्याने धरली होती. मुलगा ताडकन उठला, हातात दगड घेतला.

"दिवड आहे," मी म्हटलं. "चावेल, पण विष नाही तिच्यात. आणि तिला मारायला कायद्यानेही बंदी आहे."

त्याने दगड धरूनच ठेवला. दिवड मासा सोडेना. शेवटी त्याने दुसऱ्या हाताने दोरी हळूहळू वर ओढून घेतली. टोकाची चिलापी कल्ल्यापाशी फाटून सुटली आणि दिवडीने ती लव्हाळ्यात नेली. तीन चिलाप्या दगडावर तडफडत राहिल्या.

मुलगा बराच वेळ लव्हाळ्याकडे बघत होता. मग दगड खाली ठेवून त्याने ती दोरी काठापासून दहा पावलं वर नेली, ओल्या फडक्यात मासे गुंडाळले, आणि परत येऊन बसला. या वेळी थोडा तिरका बसला, अर्धं तोंड पाण्याकडे आणि अर्धं उसाकडे.