ग्राफिक्स कार्डाला नवा कूलर बसवताना

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचा दीड वाजला होता. पाऊस नुकताच थांबला होता, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. फोंड्याजवळच्या आमच्या घरात मी संगणकासमोर बसून एका उत्सवी नाटकाच्या चित्रीकरणाचा तिसरा अंक जुळवत होतो. आपल्याकडच्या देवळांतून उत्सवाला मराठी नाटकं होतात, त्यांची चित्रीकरणं करून मंडळांना द्यायची हा माझा बऱ्याच वर्षांचा जोडधंदा. हिवाळ्यापासून मेपर्यंत चित्रीकरण आणि पावसात संकलन. तर त्या रात्री संगणकाच्या कॅबिनेटमधून ‘टक्’ असा आवाज आला. एखादं बटण फरशीवर पडावं तसा. दोन-तीन मिनिटांत पडदा काळा झाला.

तो आवाज कसला होता ते सांगायचं तर दोन आठवडे मागं जावं लागेल.

माझ्याकडे जीटीएक्स १०७० हे ग्राफिक्स कार्ड आहे, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा संगणकातला भाग. जुनं, दुसऱ्याच्या हातून घेतलेलं. २०१६ साली बाजारात आलेल्या या कार्डाची मुख्य चिप पूर्ण जोरात चालते तेव्हा सुमारे १५० वॅट वीज खाते, आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. माझं कार्ड ब्लोअर जातीचं. म्हणजे त्यावर एकच फिरकी असते, ती हवा ओढून बंद डब्यातून ढकलते आणि गरम हवा कॅबिनेटच्या मागून बाहेर टाकते. पद्धत चांगली आहे, पण मे महिन्यात खोलीतच ३३ अंश असताना ती फिरकी मिक्सरसारखी ओरडायची. चिपचं तापमान ८३ अंशांवर जाऊन चिकटायचं. ८३ हा या कार्डाचा मुळातला उंबरठा. तिथं पोचलं की ते आपला वेग थोडा थोडा उतरवतं. जळत वगैरे नाही, त्याची कमाल मर्यादा ९४ आहे. पण अर्ध्या तासाचं काम पाऊण तासावर जातं आणि वर तो आवाज.

माझा भाचा म्हणाला, “मामा, कूलर बदलूया ना. बाहेरून वेगळा मिळतो.”

मिळतो हे खरं. कूलर म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारी धातूची पाती आणि त्यावरचे पंखे. आर्क्टिकचे ॲक्सेलेरो, राइजिनटेकचा मॉर्फियस ही त्यातली जुनी, माहितीतली नावं. मॉर्फियसमध्ये तर बारा हीटपाइप आहेत, आणि पंखे सोबत येतातच असं नाही, १२० मिलिमीटरचे दोन आपण निवडून लावायचे. हीटपाइप म्हणजे तांब्याची बंद नळी. आत हवा काढून टाकलेली आणि थोडंसं पाणी. पेजेच्या टोपावर झाकण ठेवलं की वाफ वर जाते, झाकणाला थंड होऊन थेंब होते आणि परत टोपात पडते, अगदी तसंच. चिपपाशी पाण्याची वाफ होते, पंख्याच्या टोकाला ती थंड होऊन पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी वातीसारखं परत चढतं. ना मोटर, ना काही हलणारा भाग. मला ही रचना फार आवडते, म्हणून जरा रेंगाळलो.

निवडताना लोक पहिल्यांदा बघतात ते पंखे किती आणि दिवे कुठल्या रंगाचे. मी सांगेन, आधी पट्टी घ्या. कार्डाच्या चिपभोवती चार भोकं असतात, त्यांतून कूलरचे स्क्रू जातात. शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा, तिरकं नव्हे. हे अंतर प्रत्येक पिढीच्या कार्डात सारखं नसतं, चार-पाच मिलिमीटरचा फरकही कूलर बाद करतो. मग लांबी बघा, कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याला आपटेल का. मग जाडी बघा. मूळ कार्ड संगणकात कार्डं बसवायच्या दोन खाचांची जागा घेत असेल तर नवा कूलर तीन घेतो, कधी त्याहून जास्त. खाली दुसरं कार्ड असेल तर ते काढावं लागेल. आणि वजन. आडव्या कार्डाचं टोक लोंबायला लागतं, त्याला खालून टेकू द्यावा लागतो. आमच्या भाच्यानं शटलकॉकच्या रिकाम्या डब्याचा तुकडा कापून दिला, तो अजून तिथंच आहे.

हे सगळं मी केलं. चुकलो ते दुसरीकडेच.

श्रोतेहो, ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकटी चिप नव्हे. माझ्या कार्डावर मधल्या चिपच्या भोवती मेमरीच्या आठ छोट्या चिपा आहेत. आणि एका कडेला वीज चिपच्या कामाच्या व्होल्टेजवर उतरवणारे भाग आहेत, काळे, नखाएवढे. मूळ कूलर उघडला तर दिसतं की त्याखाली एक जाड धातूची पट्टी आहे. ती या सगळ्यांना एकाच वेळी टेकलेली असते, मध्ये मऊ पॅड घातलेले. म्हणजे मूळ कूलर एकाच अंगानं तीन कामं करत असतो. बाहेरून आणलेला मोठा कूलर बहुतेक वेळा एकच काम करतो, मधल्या चिपचं. बाकीच्यांसाठी पुडीत ॲल्युमिनियमचे छोटे छोटे ठोकळे देतात, खाली चिकट पट्टी लावलेले. हे चिकटवा म्हणतात.

चिकटवले. सोप्यावर बसून, बाहेर धो धो पाऊस, हवेत एवढा ओलावा की वर्तमानपत्र चादरीसारखं मऊ झालेलं. चिपा बोटानं पुसल्या. बोटानं! बोटाचं तेल आणि हवेतला दमटपणा, दोन्ही त्या पट्टीखाली गेले. वर आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं बसतं तेव्हा चिपांची बाजू खाली असते. म्हणजे ते ठोकळे वटवाघळांसारखे उलटे लटकत राहणार. दोन आठवडे त्यांनी तग धरली. त्या रात्री वीज उतरवणाऱ्या भागावरचा एक सुटला आणि खाली पडला, तोच ‘टक्’. नशीब, पॉवर सप्लायच्या पत्र्याच्या झाकणावर पडला. मदरबोर्डावर दोन टोकांना टेकला असता तर आज मी वेगळंच काही सांगत असतो.

गंमत अशी की त्या क्षणी पडद्यावर चिपचं तापमान ६५ दाखवत होतं. मी दोन आठवडे तोच आकडा पाहून खूश होतो. ८३ वरून ६५! पण तो आकडा मधल्या चिपचा. कडेचे भाग किती तापलेत हे माझं कार्ड सांगतच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं उतरवलं आणि नीट केलं. ते कसं, एवढं सांगतो.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, ९९ टक्क्यांचं, आणि धागे न सुटणारं कापड. घरातलं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरिन असतं. आमच्या शेजाऱ्यांनी गंभीरपणे काजूची फेणी सुचवली होती. फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं हो, आणि नंतर कार्डाला वास येईल तो वेगळाच. पुसल्यावर हेअर ड्रायरनं दुरून कार्ड जरा कोमट केलं, ओलावा उडून जावा म्हणून. मग ठोकळा ठेवून प्रत्येकावर अर्धा मिनिट अंगठा दाबून धरला. जो पडला होता त्याला पट्टी न वापरता उष्णता वाहून नेणारा गोंद लावला. हा गोंद कायमचा. पुन्हा काढायला जाल तर ठोकळ्याबरोबर चिपही उपटून यायची. त्यामुळे वॉरंटीतल्या कार्डाला त्याचा स्पर्शही नको. खरं तर वॉरंटी बाकी असेल तर या कशाच्याच वाटेला जाऊ नका.

मधल्या चिपवर थर्मल पेस्ट. ही कशासाठी? दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म खळगे असतात, त्यांत हवा अडकते, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक. ती हवा हुसकावणं हे पेस्टचं काम. सगळी चिप झाकली जाईल एवढा पातळ थर हवा. ग्राफिक्स चिपला वर धातूचं झाकण नसतं, उघडी काचेसारखी असते, म्हणून एखादा कोपरा सुटला तर तो कोपरा तापतो. द्रवधातूची पेस्ट मिळते, तिचं कौतुकही पुष्कळ ऐकलं असेल. तिच्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं, आणि ती विजेची वाहकही आहे. आपल्या कामाला साधी पेस्ट भरपूर.

स्क्रू आवळताना समोरासमोरचे घ्या, कोपऱ्यातून तिरके, प्रत्येकाला अर्धा अर्धा आटा. एकच बाजू आधी घट्ट केली तर उघड्या चिपचा कोपरा टवका उडून जाऊ शकतो. पॅड वापरत असाल तर जाडी मूळच्याएवढीच. अर्धा मिलिमीटर जास्त झाली की मेमरी कूलरला टेकते आणि मधली चिपच अधांतरी राहते. पंख्याची पिनही आधी बघून घ्या. कार्डावरचा जोड बारीक असतो, कॅबिनेटच्या पंख्यांचा मोठा, मध्ये जोडकेबल लागते. ती नसली तर पंखे मदरबोर्डाला लावावे लागतात, आणि मदरबोर्डाला कार्ड किती तापलंय याची खबर नसते.

एक बदल माझ्या लक्षात उशिरा आला. जुना ब्लोअर गरम हवा कॅबिनेटबाहेर फेकायचा. नवा कूलर ती आतच सोडतो. म्हणजे कार्ड थंड झालं आणि प्रोसेसर सात-आठ अंशांनी तापला. मग पुढं हवा आत घेणारा एक पंखा आणि मागं बाहेर फेकणारा एक, असे वाढवावे लागले. उष्णता कुठं जात नाही हो, फक्त जागा बदलते. माझी खोली पूर्वी होती तेवढीच गरम आहे.

आता आपल्या गोव्याच्या हवेबद्दल. मला बरेच जण विचारतात, एवढी थंड व्यवस्था केली तर पावसात आत पाणी सुटणार नाही का? नाही. हवेवर चालणारा कूलर खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही, त्यामुळे त्यावर दव जमत नाही. धोका उलटा आहे. एसीच्या खोलीत संगणक रात्रभर गारठतो, सकाळी आपण एसी बंद करून खिडक्या उघडतो, आणि बाहेरची दमट हवा त्या गार धातूवर येऊन थेंब धरते. अशा वेळी अर्धा तास थांबून मग चालू करा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना खाऱ्या हवेचा जाच वेगळा. ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी पूड धरते, पिना काळवंडतात. आमच्या बाजूला खार कमी पण तांबडी धूळ फार. ती पात्यांच्या मुळाशी बसते, पावसात ओलावा धरते आणि तिचा लेप होतो. मी मेअखेरीला एकदा आणि चवथ झाल्यावर एकदा ब्रश मारतो. पंखा बोटानं धरून ठेवायचा आणि मगच हवा मारायची, नाहीतर तो उलटा भणभणतो.

आणि आता मनातलं सांगतो. आज मला कोणी विचारलं, कूलर घेऊ का, तर मी आधी घेऊ नका म्हणेन. धूळ काढा, जुनी सुकलेली पेस्ट बदला, कार्डाची विजेची मर्यादा सॉफ्टवेअरमधून थोडी खाली आणा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. त्यानंतरही आवाज सतावत असेल आणि कार्ड दोन-तीन उघड्या पंख्यांचं असेल, तर त्याचं प्लॅस्टिकचं आवरण आणि चिमुकले पंखे काढून मूळच्या हीटसिंकवरच, म्हणजे धातूच्या पात्यांवरच, १२० मिलिमीटरचे दोन पंखे केबल टायनं बांधा. दिसायला गचाळ. पण मूळची पट्टी जागेवर राहते, मेमरी आणि कडेचे भाग उघडे पडत नाहीत. माझ्यासारखं ब्लोअर कार्ड असेल तरच पूर्ण कूलर बदलण्यात अर्थ आहे. काढलेले मूळ भाग टाकू नका. स्क्रूसुद्धा डबीत घालून ठेवा, वर चिठ्ठी लावून.

ठोकळा पुन्हा बसवल्याला आता बरेच महिने झाले. गेल्या महिन्यात एका मंडळानं फोन केला, दोन वर्षांपूर्वीच्या नाटकात एका नटाचं नाव चुकलंय, बदलून द्या. मी ती जुनी फाइल उघडली. रात्रीची वेळ, संगणकाचा आवाज जवळजवळ नाहीच. नायिकेचं पद सुरू झालं, ऑर्गनचा पहिला सूर लागला, आणि त्याच्यामागं सलग ‘घुंऽऽ’ ऐकू आलं. मी चपापून कार्डाचं तापमान पाहिलं, सगळं ठीक होतं. मग ध्यानात आलं. तो आवाज चित्रीकरणातलाच आहे, देवळाच्या मंडपातल्या उभ्या पंख्याचा. दोन वर्षांपूर्वी संकलन करताना माझं कार्डच त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होतं, म्हणून मला तो कधी ऐकूच आला नाही. त्या वर्षीची आणखी अकरा नाटकं कपाटात आहेत. आता एकेक उघडून ऐकतोय.

नमस्कार.