शून्यावर आल्यावर

[दृश्य : आरवली. वेतोबाच्या देवळातल्या चामडी चपला]

या चपला माणसाच्या मापाच्या नाहीत. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून भाविक नव्या करून आणतात. देवाच्या हातात तलवार आहे. आणि त्याच तलवारीसमोर गाऱ्हाणं घातलं जातं : काय चुकलं-माकलं असेल तर पदरात घे, व्हय महाराजा!

[दृश्य : ओटी. बाहेर पाऊस. घरंगळणारा वीस बाजूंचा फासा]

इथून जवळच, या ओटीवर, दर रविवारी पाच जण बसतात. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' : प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, ते काय करतं ते तोंडाने सांगायचं, जमलं की नाही ते फासा ठरवतो. त्यांच्यातली सगळ्यांत धाकटी कॉलेजात शिकते. खेळात ती पॅलाडिन आहे. पॅलाडिन म्हणजे शपथेने बांधलेला, देवाधर्माचा योद्धा.

खेळ अमेरिकेतला, १९७४ सालचा. पॅलाडिन त्यात १९७५ ला आला, तोच दोन कामं घेऊन : तलवार चालवायची, आणि नुसत्या हाताच्या स्पर्शाने दुखणं बरं करायचं. १९७८ च्या नियमांत शिस्त फार कडक होती. जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की दैवी शक्ती कायमची गेली, मग उरायचा साधा लढवय्या. मग शरण आलेल्याला मारणं हा न्याय की पाप? खेळणारे यावर तासन्‌तास भांडत आले आहेत, आणि आम्हाला ते भांडण मोलाचं वाटतं. २०१४ च्या आवृत्तीने निवड शपथेवर सोपवली. भक्तीची शपथ घेतली तर शत्रूवरही दया करायची, मात्र तारतम्याने. सूडाची घेतली तर दुष्टाला दया नाही. हिने भक्तीची घेतली.

[जवळून : खेळ चालवणाऱ्याची वही, पेन्सिल]

गॉब्लिन म्हणजे खेळातला एक खुजा, दुष्ट प्राणी. त्याच्या नावापुढे बघा, किती जीव उरला त्याचा आकडा. सात. सात खोडून दोन. दोन खोडून शून्य. वार लागला का, किती लागला, इथवर सगळं फाशाने ठरवलं. पण शून्यावर आलेल्याला ठार मारायचं की नुसतं बेशुद्ध पाडायचं, यासाठी फासा नाही. जवळून वार करणाऱ्याने ते आपल्या तोंडाने सांगायचं. एवढ्या जाडजूड नियमांत इतका जड नियम दुसरा नाही.

खेळ चालवणारा तिला विचारतो : "मारतलंस काय?"

[इथे निवेदन नाही. तिचा चेहरा, पागोळ्यांचा आवाज]

[दृश्य : दशावतार. मुकुट बांधणारे हात, पायपेटी, बाकडं]

तिचे मामा दशावतारात राजपार्ट करतात. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, चेहऱ्याला रंग लागतो, बाकड्याचं सिंहासन होतं, आणि तिथून पहाटेपर्यंत जे सुचेल ते. जयद्रथाची गोष्ट तिने त्यांच्याचकडून ऐकली. द्रौपदीला पळवून नेणारा जयद्रथ हाती लागला, भीम त्याचा जीवच घेणार होता. धर्मराजाने बहिणीचा, दुःशलेचा, विचार केला आणि भीमाला आवरलं. डोक्यावर पाच शेंड्या ठेवून त्याला भादरलं आणि सोडून दिलं. मामा दोन्ही पार्ट करून दाखवतात. "भीम सोपो," ते म्हणतात. "आवाज चढयलो की झाला. धर्मराजाक थांबूक लागता."

तोच जयद्रथ पुढे चक्रव्यूहाच्या तोंडाशी उभा राहिला आणि अभिमन्यू गेला, हेही त्यांनी सांगितलं.

[दृश्य : ओटी. लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात हात]

"मारूचा नाय. बेशुद्ध."

एवढ्यावर ती थांबली नाही. तिसऱ्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे त्या स्पर्शाचे दिवसाला पंधरा पॉइंट असतात. सोबतचे दोघे जखमी होते, पुढची वाट लांब होती. तरी त्यातला एक तिने गॉब्लिनवर खर्च केला. एका पॉइंटात तो शुद्धीवर येतो.

पुढच्या रविवारी तो दोर तोडून पळाला, जाताना एकाला जखमी करून.

[जवळून : तीच वही]

शून्य खोडून लिहिलेला हा एक, तिने सांगितलेला.