जुना पार्ट ढिगातून नको, गाडीवरून घ्या

नमस्कार. जुन्या गाडीसाठी जुना पार्ट विकत घेताना सर्वसामान्य गाडीमालकाला जो त्रास होतो, त्याबद्दल आज सविस्तर बोलायचे आहे. ज्यांचे उत्पादन बंद होऊन वर्षे लोटली, अशा गाड्या सोलापूर जिल्ह्यात आजही रोज कामावर जातात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, टाटा इंडिकाचे २०१८ मध्ये थांबले आणि मारुतीने आपली डिझेल इंजिने २०२० च्या एप्रिलमध्ये बंद केली. तरीही अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, मंगळवेढा या बाजूंनी शहरात येणाऱ्या रस्त्यांवर या गाड्या नेहमी दिसतात. त्या चालवणारी माणसे हौस म्हणून जुनी गाडी बाळगत नाहीत. दुकानाचा माल आणणे, शेतावर जाणे, आई-वडिलांना दवाखान्यात नेणे ही सारी कामे त्या एका गाडीवर अवलंबून असतात. अशा वेळी दरवाजाचे काच-मशीन (काच वर-खाली करणारी यंत्रणा), टेललाइट किंवा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बिघडला आणि नवा मिळाला नाही, किंवा मिळाला पण गाडीच्या उरलेल्या किमतीच्या मानाने फार महाग निघाला, की माणूस भंगार बाजाराकडे वळतो.

तिथे तो का फसतो, याचे उत्तर बहुतेक जण "जुना माल असाच असतो" एवढ्यावर संपवतात. मला ते मान्य नाही. जुना पार्ट पुष्कळदा उत्तम असतो, कारण कंपनीने गाडीबरोबर दिलेला मूळ पार्ट हा नव्या पण बनावट पार्टपेक्षा अनेकदा अधिक टिकतो. खरी अडचण अशी आहे की पार्ट गाडीवरून सुटला आणि ढिगात पडला, की तो कोणत्या वर्षाच्या, कोणत्या इंजिनाच्या, किती चाललेल्या आणि कशामुळे मोडीत निघालेल्या गाडीचा होता, हे सांगणारे काहीच त्याच्याजवळ उरत नाही. लेबल निघालेल्या औषधाच्या बाटलीसारखी त्याची अवस्था होते.

अमेरिकेत याच व्यवसायाची वेगळी पद्धत आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तेथे पिक-एन-पुल किंवा एलकेक्यू पिक युवर पार्ट यांसारखी मोठी आवारे असतात. ग्राहक थोडे प्रवेशशुल्क भरतो, स्वतःचे पाने आणि सॉकेट घेऊन आत जातो, आणि रांगेत उभ्या केलेल्या गाडीवरून हवा तो पार्ट स्वतःच्या हाताने सोडवतो. गाड्या आत उभ्या करण्यापूर्वी त्यांतले इंधन आणि तेल काढून घेतलेले असते. दर ठरलेले असतात, त्यामुळे अल्टरनेटर कोणत्या गाडीचा आहे यावर किंमत फारशी अवलंबून राहत नाही. पार्ट गाडीवरच असल्याने त्याची ओळख शाबूत राहते, ही त्या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे.

तरीही तेथील ग्राहक वैतागलेलाच असतो. अमुक मॉडेल आवारात आले आहे एवढे संकेतस्थळावर कळते. पण त्या गाडीवर आता काय उरले आहे, हे तिथे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. आपल्याआधी कोणी तरी येऊन गेलेले असते, आणि त्याला मागचा एखादा छोटा पार्ट हवा होता म्हणून त्याने पुढचा चांगला पार्ट फोडलेला असतो. वायरिंगचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, दाबून सोडवायला काही क्षण लागतात, तेवढाही धीर न धरता तारा कापल्या जातात. दरवाजा उघडत नाही म्हणून काच फोडली जाते, आणि काचेचे तुकडे सीटवर, काच-मशीनमध्ये, सगळीकडे पसरतात. गाडी काही आठवडे उभी राहते आणि मग दाबयंत्रात जाते, त्यामुळे अशा रीतीने बिघडवलेला पार्ट पुन्हा कोणाच्याही कामी येत नाही. मला या प्रकाराची मनापासून चीड येते, कारण त्यात चोरी होत नाही, कोणाचा फायदा होत नाही, फक्त दुसऱ्या एका गरजू माणसाची वस्तू नाहीशी होते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दुकानदार स्वतः गाडी खोलतो आणि पार्ट वेगवेगळे करून ठेवतो: दरवाजे भिंतीला टेकवलेले, अल्टरनेटर आणि सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) एका कोपऱ्यात, हेडलाइट छताला टांगलेले. त्यामुळे पार्टची मोडतोड कमी होते. पण त्याची ओळख याच टप्प्यावर पुसली जाते. दुकानदाराच्या स्मरणशक्तीवर आणि शब्दावर सगळा व्यवहार चालतो. काही दुकानदारांची ती स्मरणशक्ती खरोखर थक्क करणारी असते, आणि मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत एकाच वेळी चार ग्राहकांशी बोलत ते नेमका पार्ट उचलून देतात. पण माल वाढला, दुकान मुलाच्या हाती गेले किंवा दुसऱ्या गावाहून घाऊक ढीग आला, की ती साखळी तुटते.

माहिती तुटल्याने काय बिघडते ते एका उदाहरणावरून पाहू. "वॅगन आरचा पार्ट द्या" असे म्हणणे पुरेसे नाही. २०१० पर्यंतच्या वॅगन आरमध्ये १,०६१ सीसीचे एफ१०डी इंजिन होते आणि त्याला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा रबरी पट्टा, होता. २०१० मध्ये आलेल्या नव्या वॅगन आरमध्ये ९९८ सीसीचे के१०बी इंजिन आले आणि त्याला पट्ट्याऐवजी टायमिंग चेन आहे. म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर २०१० लिहिलेली गाडी यांपैकी कोणतीही असू शकते, आणि त्या वर्षाच्या गाडीच्या मालकाने केवळ नाव आणि साल सांगून इंजिनचा पार्ट घेतला तर तो परत करण्याची वेळ येऊ शकते. याची चांगली बाजू अशी की हेच के१०बी इंजिन ए-स्टार, एस्टिलो आणि अल्टो के१० या गाड्यांतही आहे, त्यामुळे वॅगन आरचा पार्ट मिळाला नाही तर या गाड्यांवर शोध घेता येतो.

डिझेलमध्ये हा गुंता अधिक वाढतो. फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट इंजिन मारुतीने स्विफ्ट, डिझायर आणि रिट्झमध्ये डीडीआयएस नावाने वापरले, टाटाने इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावाने वापरले आणि फियाटने स्वतःच्या पुंटोत वापरले. नाव वेगळे असले तरी मूळ इंजिन एकच असल्याने आतले अनेक भाग एकमेकांना चालतात, आणि डिझेल स्विफ्ट सांभाळणाऱ्या माणसासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), वायरिंग आणि इंजिनचे माउंटिंग (ते गाडीला जोडणारे आधार) कंपनीगणिक बदलते. शिवाय या इंजिनाचे ७५ आणि ९० अश्वशक्तीचे दोन प्रकार आहेत, त्यांचे टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारे भाग) वेगळे आहेत. ढिगात पडलेला टर्बो "स्विफ्टचाच आहे" या आश्वासनावर उचलला, तर तो नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे मिस्त्रीने बसवायला घेतल्यावर कळते, आणि तोवर पैसे आणि दिवस दोन्ही गेलेले असतात.

(पडद्यावर: अल्टरनेटरवरील क्रमांकाची पट्टी जवळून)

म्हणून माझी पहिली विनंती अशी की दुकानात जाण्यापूर्वी आपल्या गाडीवरचा बिघडलेला पार्ट सोडवून हातात घ्या, किंवा निदान त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा. अल्टरनेटर, सेल्फ आणि एसी कॉम्प्रेसर यांच्या अंगावर डेन्सो, बॉश, ल्युकास टीव्हीएस अशा उत्पादकाचा क्रमांक असतो, तो जुळवा. पट्टी पुसली असेल तर पुलीच्या (पट्टा चढतो त्या चाकाच्या) खाचा मोजा, बोल्टच्या छिद्रांमधले अंतर मोजा आणि कपलरच्या पिना मोजा. दुसरी विनंती अशी की दुकानदाराला ढिगाविषयी विचारण्याआधी न खोललेली गाडी आहे का, ते विचारा. गाडी उभी असेल तर तिच्यावरची उत्पादनाची पट्टी वाचता येते, किलोमीटरचा आकडा पाहता येतो, आणि मुख्य म्हणजे तिला धडक कोठून बसली हे दिसते. मागून धडक बसलेल्या गाडीचे रेडिएटर, हेडलाइट आणि कॉम्प्रेसर विश्वासाने घ्यावेत. पुढून धडक बसलेल्या गाडीचे मागचे दरवाजे, डिकी आणि टेललाइट घ्यावेत.

सोलापूरचे हवामान हाही यात विचारात घेण्याचा मुद्दा आहे. हा पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश असल्याने येथेच आयुष्य काढलेल्या गाडीचा पत्रा सहसा चांगला राहतो, आणि येथे मिळणारा दरवाजा किंवा बॉनेट कोकणातल्या गाडीच्या मानाने कमी गंजलेला असतो. पण रत्नागिरी आणि सोलापूर एकाच राष्ट्रीय महामार्गाच्या, म्हणजे १६६ च्या, दोन टोकांना आहेत, तेव्हा किनारपट्टीची गाडी येथे येणे मुळीच अवघड नाही. दरवाजाची खालची कड आणि पाणी निघून जाण्याची छिद्रे बोट फिरवून तपासा. आपल्याकडचे ४० अंशांच्या वरचे ऊन मात्र रबर आणि प्लॅस्टिकला सोडत नाही. उघड्यावर दोन उन्हाळे पडलेल्या हेडलाइटची काच पिवळी पडते, तिच्या मागच्या बाजूचे प्लॅस्टिकचे लॉक बोटाने दाबताच तुटतात, दरवाजाचे रबर आणि बुश तडकलेले असतात. हे भाग सावलीत ठेवलेले असतील तरच घ्या. बाजारात सकाळी लवकर गेलात तर तपासणी शांतपणे होते, कारण दुपारी तापलेला पत्रा हातात धरवत नाही आणि माणूस उन्हाला कंटाळून मिळेल तो पार्ट घेऊन निघतो.

तपासणी दुकानातच झाली पाहिजे. अल्टरनेटरची पुली हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका आणि ती आडवी हलते का ते पाहा. गाडीवर बसवल्यानंतर इंजिन सुरू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. सेल्फ आणि काच-मशीन चांगल्या बॅटरीची तार लावून तिथेच फिरवून दाखवायला सांगा. एसी कॉम्प्रेसरची तोंडे उघडी राहिली असतील तर तो टाळा, कारण त्यातले तेल हवेतला ओलावा शोषून घेते आणि तो ओलावा नंतर सगळ्या यंत्रणेत फिरतो. ईसीयू केवळ क्रमांक जुळला म्हणून चालत नाही, कारण इमोबिलायझर (योग्य चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तो चावीशी जोडलेला असतो. एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेकचे भाग आणि टायमिंग बेल्ट जुने घेऊच नका. तिथे वाचवलेले पैसे जिवावर बेततात.

काही दुकानदार ग्राहकाच्या मिस्त्रीला गाडीवरून पार्ट सोडवू देतात. ही सवलत मिळाली तर कपलर न कापता सोडवा, निघालेले स्क्रू आणि क्लिप त्याच गाडीत एका डब्यात ठेवा, आणि दरवाजाचे आतले कव्हर ओढून फाडू नका. तुमच्यानंतर येणारा माणूसही तुमच्यासारखाच अडलेला असणार आहे. ज्या दुकानात ग्राहकांनी गाड्यांची नासधूस केली, तिथला मालक पुढे कोणालाच आत सोडत नाही, आणि मग सगळ्यांच्या नशिबी पुन्हा ढीगच येतो.

आता कायद्याकडे वळू. ढिगातल्या पार्टची ओळख पुसलेली असते म्हणूनच चोरीच्या गाडीचा पार्टही त्यात सहज मिसळतो. मेरठमधला सोतीगंज हा जुन्या पार्टचा बाजार याच कारणाने देशभर कुप्रसिद्ध झाला आणि पोलिसांच्या कारवाईनंतर २०२१ च्या अखेरीस बंद झाला. चोरीची मालमत्ता जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाहन मोडीत काढण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांनुसार नोंदणीकृत केंद्राला गाडी खोलण्यापूर्वी ती चोरीच्या नोंदींत आहे का हे पाहावे लागते, आणि चॅसिस क्रमांकाचा कापलेला तुकडा सहा महिने जपून ठेवावा लागतो. गाडी कोठून आली हे विचारणे म्हणजे दुकानदारावर संशय घेणे नव्हे. प्रामाणिक दुकानदार हे उत्तर सहज देतो, आणि जो विचारल्यावर चिडतो त्याच्याकडून निदान मोठा पार्ट घेऊ नये.

पैसे देण्यापूर्वी बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: पार्टचा क्रमांक, तो ज्या गाडीवरून निघाला तिचा नोंदणी क्रमांक, आणि बसला नाही किंवा चालला नाही तर किती दिवसांत परत घेणार. तोंडी दिलेला परतीचा शब्द गर्दीच्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. इंजिनच्या बाबतीत एवढ्यावरही भागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलले की ते आरटीओला कळवून नोंदणी प्रमाणपत्रावर नवा क्रमांक चढवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी त्या इंजिनाची खरेदी दाखवणारे कागद तुमच्याकडे हवेत. म्हणून इंजिनवरचा क्रमांक आधी स्वतः वाचा, तो ज्या गाडीचे इंजिन आहे तिच्या कागदांच्या प्रतीवरील क्रमांकाशी जुळवा, आणि क्रमांक घासलेला असेल किंवा प्रत मिळत नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी ते इंजिन घेऊ नका.