मालकी किती, मते किती

पडद्यावर दिसणारे हे पान फोर्ड मोटर कंपनीच्या विवरणपत्रातले आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेआधी ते भागधारकांना पाठवले जाते. मालकी तपासणारे बहुतेक जण मोठ्या भागधारकांच्या यादीपाशीच थांबतात. पण निर्णय कोणाच्या हाती आहेत हे जाणून घ्यायचे, तर समभागांचे वर्ग किती आणि प्रत्येक वर्गाच्या एका समभागाला मते किती, हे आधी पाहावे लागते.

फोर्डचे सामान्य समभाग सुमारे 390 कोटी असून त्यांना प्रत्येकी एक मत आहे. फोर्ड कुटुंबाकडील क्लास बी समभाग सुमारे 7 कोटी 8 लाख, म्हणजे एकूण समभागांच्या दोन टक्क्यांहूनही कमी. तरीही 1956 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हापासून या वर्गाकडे 40 टक्के मते आहेत. हिशेब मांडून पाहू. 390 कोटी मते म्हणजे 60 टक्के, तर उरलेले 40 टक्के म्हणजे 260 कोटी मते; ती क्लास बीवर वाटली, की एकेका समभागाच्या वाट्याला 36 हून अधिक मते येतात.

आता तळटिपांची बारीक अक्षरे पाहा, कारण कोणतेही विश्लेषण इथेच पक्के होते किंवा फसते. क्लास बीचा मोठा भाग एका मतदान न्यासात ठेवलेला आहे. न्यासातील समभागांचा कौल ज्या बाजूला अधिक, त्या बाजूने विश्वस्तांनी न्यासाची सगळी मते टाकायची असतात. म्हणजे यादीत नावे अनेक असली, तरी सभेत मत एकगठ्ठा पडते. क्लास बी समभागांची संख्या सुमारे 6 कोटी 7 लाखांखाली गेली, तर मतांचा वाटा 30 टक्क्यांवर येतो, हेही तिथेच नमूद आहे. कुटुंबाबाहेर विकलेला क्लास बी समभाग सामान्य समभाग होतो, त्यामुळे ही संख्या दरवर्षी तपासणे अगत्याचे आहे.

समभागांचे असे वेगवेगळे वर्ग इतरत्रही असतात. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटमध्ये क्लास ए समभागाला एक मत, क्लास बीला दहा आणि 2014 पासून बाजारात असलेल्या क्लास सीला एकही नाही. संचालकांची निवड असो वा विलीनीकरण, कौल याच गणिताने ठरतो.

फोर्डच्या सभेत प्रत्येक समभागाला समान मत देण्याचा प्रस्ताव अनेकदा आला. त्याला सुमारे एक तृतीयांश मते मिळाली आणि तो फेटाळला गेला. क्लास बीची सर्व मते विरोधात गेली असे धरून ती वजा केली, तर उरलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांचा कौल प्रस्तावाच्या बाजूने होता.