गंजावर गंजाचाच उतारा: जुन्या लष्करी बंदुकांचं ब्लूइंग

नमस्कार मंडळी! हा फोटो नीट बघा. पहिल्या महायुद्धातलं जर्मन लुगर पिस्तूल, पी-०८. नळी गडद निळसर काळी आहे, पण चाप आणि सेफ्टीची कळ मात्र पिवळसर सोनेरी. यावर ना रंग लावलाय, ना मुलामा दिलाय. दोन्ही छटा लोखंडाच्या ऑक्साइडच्याच, म्हणजे गंजाच्याच नात्यातल्या!

आधी निळी नळी. या पद्धतीला रस्ट ब्लूइंग, म्हणजे गंजवून निळसर काळा थर चढवणं, म्हणतात, आणि माझ्या मते बंदुकीवर याहून देखणं काम झालेलं नाही. घासून लख्ख केलेल्या, तेलाचा अंशही न उरलेल्या नळीवर आम्लाच्या द्रावणाचा पातळ हात फिरवायचा आणि ती दमट पेटीत ठेवून मुद्दाम गंजू द्यायची. तांबूस थर आला की नळी स्वच्छ पाण्यात उकळायची. इथे खरी गंमत होते: तांबडा गंज मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. वरची सुटी काळी पूड बारीक तारांच्या ब्रशने झाडली की खाली घट्ट बसलेला थर उरतो. मग पुन्हा आम्ल, पुन्हा गंज, पुन्हा उकळणं. हवी ती छटा येईपर्यंत या फेऱ्या चालतात आणि त्यात दिवस जातात.

उकळायची पायरी गाळली की नळी तपकिरी होते. ब्रिटिशांच्या बेकर रायफलच्या नळ्या अशाच तपकिरी असत. त्या उन्हात चमकत नसत.

तांबडा गंज भुसभुशीत, त्यातून ओल आत झिरपत राहते. मॅग्नेटाइट पोलादाला घट्ट धरून बसतो. पण तोही अगदी पातळ आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे त्याची खरी ताकद त्यात मुरलेल्या तेलात आहे. कोरडं ब्लूइंग फार काळ टिकत नाही.

आता तो सोनेरी चाप. इथे आम्ल नाही, नुसती उष्णता. चकचकीत पोलाद साधारण २३० अंश सेल्सिअसला पिवळसर होतं, २८०च्या आसपास जांभळं, ३००च्या जवळ निळं. ऑक्साइडचा पापुद्रा जसा जाड होतो तसा रंग पालटतो, साबणाच्या फुग्यावर पालटतो तसाच. रंग दिसताच तुकडा थांबवणं हे कारागिराच्या नजरेचं काम.

१९३७च्या सुमारास माउझर कारखान्याने लुगरसाठी कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांचं उकळतं द्रावण वापरायला सुरुवात केली. काम झटपट होऊ लागलं, छोटे भागही काळे झाले आणि सोनेरी चाप गेला. म्हणून लुगरचा रंग बघून काळाचा अंदाज बांधता येतो.

आणि म्हणूनच माझी कळकळीची विनंती: जुनी बंदूक पुन्हा ब्लू करू नका! पॉलिशच्या चाकावर कडा गोल होतात, कारखान्याचे शिक्के पुसट होतात, आणि गेलेलं मूळ काम परत येत नाही. बाजारातलं गंज काढायचं द्रावणही लावू नका. ब्लूइंग स्वतःच ऑक्साइड आहे, ते गंजासकट निघून जाईल. हातमोजे घालून हाताळा, कारण बोटांच्या घामातले क्षार गंज आणतात. तेलाचा पातळ हात द्या, तेवढं पुरे.

एखादी बंदूक पुन्हा ब्लू केली आहे का, हे ओळखायचंय? गंजाने पडलेले खड्डे बघा. खड्ड्याच्या आतही ताजा निळा रंग असेल, तर तो गंजाच्या नंतर चढवलाय.