लस टोचल्यानंतरची पहिली रात्र

(दृश्य : अंगणवाडीची खोली. भिंतीला टेकून बसलेली आई, कुशीत दीड महिन्याचं बाळ.)

डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकच लस, थोडक्यात पेंटा; उजव्या मांडीत न्यूमोनियावरची न्यूमोकॉकल, उजव्या दंडावर पोलिओची बारीक टोचणी. शिवाय तोंडात पोलिओचे 2 थेंब आणि जुलाबावरची रोटाव्हायरस लस. एवढं सगळं एकाच सकाळी. नर्सताई सांगतात, "अर्धा तास बसून जा." तो अर्धा तास बसाच. तीव्र अ‍ॅलर्जी फार क्वचित येते, पण आलीच तर बहुधा याच वेळात. बाळ रडतंय? लगेच अंगावर पाजा. रोटाव्हायरस दिला म्हणून दूध थांबवायचं कारण नाही.

ताप येतो तो बहुतेक वेळा पेंटामुळे. सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचा जंतू मारून, पण अख्खा वापरलेला असतो. शरीर त्याला जोरात उत्तर देतं. ताप त्याच संध्याकाळी किंवा रात्री चढतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो.

(दृश्य : टोपडं, झबलं, दुपटं आणि वर गोधडी.)

अंग तापलं की बाळाला आणखी गुंडाळलं जातं. त्यामागे माया असते, पण ऊब आत कोंडते आणि पारा चढतो. एक सुती झबलं पुरे. आणि दूध, थोड्या थोड्या वेळाने.

(दृश्य : ओट्यावर पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या. लेबलं जवळून.)

आता हे नीट बघा, कारण खरी चूक इथे होते. पहिल्या बाटलीवर लिहिलंय : 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम. हे ड्रॉप्स. दुसरीवर : 5 मिलिलिटरमध्ये 120. तिसरीवर : 5 मिलिलिटरमध्ये 250. औषध एकच, ताकद तीन तऱ्हेची. डोस ठरतो वजनावर, एका वेळी किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. अडीच महिन्यांचं, 5 किलोचं बाळ धरू. त्याला 60 मिलिग्रॅम. म्हणजे ड्रॉप्स असतील तर 0.6 मिलिलिटर, 120 चं सिरप असेल तर अडीच, 250 चं असेल तर जेमतेम 1.2. "मागच्या वेळी अडीच दिलं होतं" म्हणून ड्रॉप्सचेच अडीच मिलिलिटर दिले, तर पोटात 250 मिलिग्रॅम जातात. चौपटीहून जास्त. हा भार यकृतावर पडतो.

म्हणून बाटलीसोबतचा ड्रॉपर त्याच बाटलीला. घरातला चमचा नकोच. दोन डोसांत 6 तास, 24 तासांत चारच्या वर नाही. ताप येण्याआधीच देऊन ठेवू नका. दीड महिन्याच्या लसीवेळी तर नर्सताईंकडून वजनाप्रमाणे डोस लिहूनच घ्या.

मांडी लाल, कडक झाली तर स्वच्छ गार फडक्याची घडी ठेवा. चोळायचं नाही, हळद-चुना नाही, त्या दिवशी मांडीला मालिशही नाही. सूज उतरल्यावर वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते, कधी काही आठवडे. दुखत नसेल तर तिला हात लावू नका. लाली पसरत गेली, पू दिसला, तर मात्र दाखवा.

बीसीजीचं, म्हणजे क्षयरोगावरच्या लसीचं, गणित उलटं. डाव्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, खपली धरून व्रण राहतो. ते तसंच व्हायला हवं; मलम नको, पिळणं नको. गोवर-रुबेलाचा ताप आणि पुरळ साधारण 7 ते 12 दिवसांनी येतं, तेव्हा लस विसरलेली असते.

(दृश्य : रात्र. आईच्या हातात फोन.)

तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, झटके, बाळ एकदम पांढरंफटक आणि ढिलं पडणं, दूध न ओढणं, दम लागणं, दोन दिवसांनंतरही टिकलेला ताप : यात सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा. रोटाव्हायरसनंतर पाय पोटाशी घेऊन थांबून-थांबून कळवळणं आणि शीमध्ये रक्त दिसलं तरीही तसंच.

असं काही घडलं तर माता-बाल संरक्षण कार्डावर तारखेसह लिहून घ्या. पुढची पेंटा द्यायची का, ते डॉक्टर त्यावरून ठरवतील. नुसता ताप आला होता, मांडी सुजली होती, तर 4 आठवड्यांनंतरची तारीख चुकवू नका.